डाळिंबाच्या खोडातला भुंगेरा कसा हुडकावा

आटपाडी, जत, इकडे माण-खटावकडे डाळिंबाची एखादी फांदी पिवळी पडली की माणसं मर रोग म्हणून मोकळी होतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मर रोगाची बुरशी पसरवायला हातभार लावणारा, जेमतेम 2 मिलिमीटरचा एक भुंगेराही आहे. त्याला शॉट होल बोरर किंवा पिन होल बोरर म्हणतात. तो लाकूड खात नाही. खोडात बोगदे पाडतो, तिथे आपल्याबरोबर आणलेली बुरशी वाढवतो आणि त्याच्या अळ्या तिच्यावर जगतात. म्हणूनच तो एकदा आत गेला की वरून कितीही फवारा, फारसं काही साधत नाही.

आधी खोड बघा. जमिनीलगतपासून गुडघ्यापर्यंत, तेही खाली बसून. टाचणीनं टोचल्यासारखी भोकं आणि बारीक भुसा दिसला, तर साल जराशी तासा. खालचं लाकूड करडं-काळपट असेल तर बुरशी आत पोचली आहे. चाकू निर्जंतुक केल्याशिवाय पुढच्या झाडाला लावू नका.

मुळाशी पाणी तुंबलं की झाडात अल्कोहोल तयार होतं आणि त्या वासावर भुंगेरे येतात. सापळाही ह्याच वासावर चालतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला खिडक्या कापा, तळाशी साबणाचं पाणी ओता आणि आत अल्कोहोलवाल्या सॅनिटायझरची छोटी कुपी उघडी टांगा. बाटली कमरेच्या खाली, ओढ्याच्या झाडीकडच्या कडेला लावा; बागेच्या मधोमध लावणं म्हणजे आमंत्रणच. दर आठवड्याला भुंगेरे मोजून तारीख आणि पाऊस वहीत लिहा. थंडीत आकडा पडतो, उबदार दमट हवेत चढतो. तुमच्या शिवारातला हंगाम ह्या वहीतूनच कळेल.

आकडा चढू लागण्याआधी खोडाला गेरूचा लेप द्या. त्यात कोणतं औषध किती घालायचं, ते सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणे, कृषी सहायकाला विचारून ठरवा. दुकानदाराच्या सांगण्यावर नको. तुंबलेल्या पाण्याला चर काढून द्या. आणि आधीच मलूल असलेल्या झाडांना बहारासाठी पाणी तोडून ताण देऊ नका, त्या साली फळ गेलं तरी चालेल.

मेलेलं झाड मुळासकट उपटून लगेच जाळा. सरपणाला होईल म्हणून बांधावर रचाल, तर त्यातूनच भुंगेरे बाहेर पडतील. शेजाऱ्यानं तसं रचलं असेल तर जाऊन बोला, वाईटपणा आला तरी.