कॅम्पस नेटवर्कवर राउटर: केबल कुठल्या पोर्टात?

स्वतःचा राउटर लावायला परवानगी आहे का, हे आधी विचारा. बऱ्याच कॅम्पसवर नसते. असेल, तर भिंतीच्या सॉकेटमधून येणारी केबल वॅन पोर्टातच (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) लावा. तो बहुधा वेगळ्या रंगाचा असतो. ती चुकून लॅन पोर्टात (तुमची उपकरणं जोडायच्या) गेली, तर तुमचा राउटर शेजारच्या खोल्यांनाही आयपी पत्ते (नेटवर्कवर उपकरण ओळखणारे क्रमांक) वाटू लागतो. मग त्यांचं नेट बंद पडतं आणि शिव्या तुम्हाला! राउटर फक्त ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय देण्यासाठी, वापरायचा असेल, तर आधी त्याचा डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, केबल नंतर.

मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर क्रमांक) कॅम्पसकडे नोंदवावा लागत असेल, तर वॅन पोर्टाचा नोंदवा. वायफायचा वेगळा असू शकतो. तरीही नेट येत नसेल, तर वॅनला मिळालेला आयपी बघा. तो आणि राउटरचा आतला पत्ता दोन्ही १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील, तर आतला बदलून १९२.१६८.५०.१ करा.

वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हा एन्क्रिप्शनचा प्रकार निवडा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा निवडा. जमल्यास सरळ ५ गिगाहर्ट्झ वापरा.