जुन्या युरोपीय पद्धतीने नग्नाकृतीची त्वचा कशी रंगवावी

फ्लोरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली व्हेनिसच्या चित्रकार तिशियनची 'व्हीनस ऑफ अर्बिनो' (१५३८) नीट पाहा. अंगावर गडद सावली जवळपास नाहीच, तरी शरीर गोल वाटतं. ही करामत उजेड आणि सावलीमधल्या थंड (निळसर-राखाडी) छटांची. त्वचा बिघडते तीही तिथेच.

पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर थेट सुरुवात करू नका. रॉ अंबर (मातकट तपकिरी तैलरंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फासा आणि लगेच फडक्याने पुसून घ्या. वाळला की रेखाटन.

मग खालचा थर: पांढरा, काळा आणि थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा). काळ्यात पिवळा मिसळला की राखाडी हिरवट होतो. तोच हवा, कारण वरून येणारा लाल त्याच्यामुळे भडक दिसत नाही. पाच छटा आधीच कालवून ठेवा आणि पोटाचा उतार, खांद्याचं हाड, सगळा आकार इथेच बसवा. घाई केलीत तर पुढे कितीही रंग चढवा, शरीर चपटंच राहील. हा थर एक छटा उजळ ठेवा. ग्लेझने, म्हणजे वरून दिलेल्या पातळ पारदर्शक थराने, तो गडद होतो. तेलही अगदी कमी घाला. तेलकट थर सावकाश वाळतो आणि वरचा आधी वाळून तडकतो.

किमान आठवडाभर थांबा. कोरड्या फडक्याला रंग लागला तर आणखी थांबा.

ग्लेझसाठी एक भाग स्टँड ऑइल (तापवून घट्ट केलेलं जवसाचं तेल), दोन भाग टर्पेंटाइन आणि कणभर अलिझरीन क्रिमझन (गडद लाल). रंग ओघळला तर तेल-टर्पेंटाइनचं मिश्रण जास्त झालंय. गाल, कोपर, गुडघे, बोटांची पेरं, टाचा इथे लाली जास्त. छाती-पोट फिकट पिवळसर.

उजेडाचा जाड रंग शेवटी: पांढरा, ऑकर, किंचित कॅडमियम रेड. सावलीकडे जाताना तो पातळ ओढा. गडदावर पातळ उजळ रंग आपोआप निळसर दिसतो. निळ्या ट्यूबला हात लावू नका. (फ्लेमिश चित्रकार रूबेन्सच्या अंगकांतीत ही निळसर झाक जागोजागी सापडते.)

त्वचा खडूसारखी दिसली तर दोष बहुधा टायटॅनियम व्हाइटचा. तो फार जोरकस आणि थंड, म्हणून निम्माच घ्या. जुने चित्रकार शिशाचा पांढरा वापरत. तो उबदार, पण विषारी. त्याचा वाळलेला थर कधीच घासू नका.

एवढं करूनही त्वचा फिकी वाटली तर आधी चित्रातली शेजारची चादर थंड पांढऱ्याने रंगवून बघा.