पणत्यांची रांग आणि एकच रेखीव ज्योत: अ‍ॅपर्चर व सेन्सरचं गणित घरी करून पाहा

डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत पुढून मागे किती खोलीपर्यंतचा भाग रेखीव येतो ते, वाचून समजत नाही; एकदा डोळ्यांनी पाहावी लागते. त्यासाठी १२ पणत्या पुरतात.

१. पणत्या एकामागे एक, दहा-दहा सेंटीमीटरवर मांडा. कॅमेरा रांगेच्या टोकाशी, किंचित उंचावर ठेवा. सहावी पणती त्याच्यापासून २ मीटरवर यावी.

२. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (यात लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा, एफ-आकडा आपण ठरवतो; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), फोकस सहाव्या पणतीवर. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० मिमी लेन्स असेल, तर एफ/२ ला जेमतेम १९ सेंमी पट्टा रेखीव येतो. म्हणजे सहावी पणती स्वच्छ, शेजारच्या दोन काठावर, बाकी सगळ्या धूसर.

३. आता एफ/८. पुढच्या तीन आणि मागच्या चार पणत्याही स्पष्ट होतात. रेखीव भाग मागच्या बाजूला जास्त पसरतो, हे इथे नीट दिसतं.

४. मायक्रो फोर थर्ड्स (साधारण निम्म्या लांबी-रुंदीच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर हीच चौकट त्याच जागेवरून हवी तर २५ मिमी लेन्स लागते. तिथे एफ/२ ला पट्टा दुप्पट, सुमारे ३८ सेंमी होतो. कारण साधं आहे. एफ-आकडा म्हणजे फोकल लेन्थ (लेन्सवर लिहिलेले मिमी) भागिले छिद्राचा व्यास. ५० मिमीला एफ/२ म्हणजे २५ मिमीचं छिद्र, २५ मिमीला फक्त साडेबारा. छिद्र लहान, तेवढी धूसरता कमी.

म्हणून फुल फ्रेमवरच्या एफ/२.८ सारखा परिणाम एपीएस-सीवर (या दोहोंच्या मधल्या आकाराच्या सेन्सरवर) एफ/१.८ च्या आसपास आणि मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/१.४ ला मिळतो. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र तर जेमतेम ४ मिमीचं असतं. पोर्ट्रेट मोडमधली धूसरता बहुतांशी सॉफ्टवेअरने रंगवलेली असते, केसांच्या कडा पाहिल्या की कळतं.

तरी महागडा कॅमेरा घ्यायची घाई करू नका. अंतर निम्मं करा, पट्टा साधारण पाव होतो. २ मीटरवरून १ मीटरवर आलात की १९ सेंमीचे ५ सुद्धा उरत नाहीत. शिवाय विषय भिंतीपासून जितका दूर, तितकी भिंत विरघळते. माझ्या मते नवशिक्याने आधी हेच हाताळावं.

दोन रांगांतला कौटुंबिक फोटो असेल तर उलटं: फुल फ्रेमवर एफ/८, मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/४ पासून सुरुवात करा. पण छोट्या सेन्सरवर एफ/११ च्या पुढे जाऊ नका. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ पडतं.