द शॅडोजचे सर्वांत दुबळे ध्वनिमुद्रण कसे ठरवावे

सांगलीत आम्ही रसिक या वादाला बसतो तेव्हा आधी द शॅडोज या ब्रिटिश वाद्यवृंदाचे १९६० चे ‘अपाची’ हे वादन ऐकतो; त्यांचे गिटारवादक हँक मार्विन यांच्या गिटारचा प्रत्येक स्वर तिथे प्रतिध्वनीची सावली मागे ठेवून जातो, आणि हीच मोजपट्टी पुढे हाती धरावी. मग १९८६ ते १९९० या काळातील, इतरांच्या लोकप्रिय गाण्यांवर बेतलेले अल्बम घ्यावेत. मिरजेचे कारागीर सतारीची जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणारा गुंजणारा नाद, जशी कानाने पारखतात, तसेच गिटारने त्या चालीत स्वतःचे काही घातले आहे का, हे पारखावे. माझ्या मते सिंथेसायझरच्या गुळगुळीत थराखाली ते बहुतेकदा सापडत नाही. तरीही ज्याला हे अल्बम प्रिय आहेत, त्याला निकालापूर्वी आपल्या आवडीचे एक वादन पूर्ण ऐकवू द्यावे.