क्वार्टरबॅक जोखायचा कसा?

रत्नागिरी, चिपळूण, मालवण या पट्ट्यात अमेरिकी फुटबॉल पाहणारे थोडेच आहेत, पण जे आहेत ते सोमवारी पहाटे उठून सामना पाहतात आणि मग कामावर जातात. त्यांचा वाद बहुधा एकाच प्रश्नावर अडतो: अमुक क्वार्टरबॅक (पास फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू) खरोखरच चांगला आहे, की नुसता नावाजलेला? या प्रश्नाचे उत्तर गुणफलकावरून काढण्याची सवय आधी सोडावी.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे आपली नजरही सुटलेल्या पासावर खिळते. पारख मात्र पास सुटण्याआधीच्या अडीच-तीन सेकंदांत करायची असते. त्यासाठी थर्ड डाउनचे (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार संधींपैकी तिसऱ्या संधीचे), सात किंवा अधिक यार्ड बाकी असलेले डाव निवडावेत, कारण तेव्हा पास येणार हे बचाव करणाऱ्यांनाही ठाऊक असते. असा एक डाव पुन्हा पुन्हा लावावा आणि एका वेळी फक्त पाय, दुसऱ्या वेळी फक्त हेल्मेट पाहावे. पहिला रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) अडवला गेला आहे असे दिसताच हेल्मेट दुसऱ्याकडे वळते का, आणि त्याबरोबर पायही त्या दिशेला वळतात का? बचावपटू अंगावर येऊ लागला की चांगला क्वार्टरबॅक अर्धे पाऊल पुढे किंवा बाजूला सरकतो, पण त्याची नजर मैदानावरच राहते. कच्च्याची नजर खाली, येणाऱ्या माणसांवर जाते, आणि तो मागे पळत सुटतो. मला विचाराल तर निम्मा निकाल इथेच लागतो.

आकडे पाहू नयेत असे नाही, पण त्यांत काय मोजलेले नाही हे माहीत असावे. पासर रेटिंगची, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पासांच्या गुणांकनाची, कमाल मर्यादा १५८.३ आहे आणि त्यात पूर्ण झालेले पास, यार्ड, टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) व इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) एवढेच धरले जाते. सॅक (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाणे) आणि हातातून सुटलेला चेंडू त्या हिशेबात येतच नाहीत. म्हणून दडपण आलेल्या डावांपैकी किती डाव सॅकमध्ये संपले, हे वेगळे पाहावे.

हाताच्या ताकदीला भुलणे हा सगळ्यात जुना रोग आहे. देवगडचा हापूस बाहेरून कितीही देखणा असला तरी आतला साका कापल्याशिवाय दिसत नाही. २००७च्या ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजमधले नवे खेळाडू क्रमाने निवडतात ती निवड) पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या जमार्कस रसेलचा हात अफाट होता, तरी २००९च्या हंगामानंतर तो एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळला नाही.

जुन्या निवडी तपासताना निकाल आणि निर्णय वेगळे ठेवावेत. २०१८च्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत बेकर मेफिल्ड पहिला, सॅम डार्नोल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझन दहावा आणि लमार जॅक्सन बत्तिसावा गेला. ॲलनचे कॉलेजमधले जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण झाले होते, तेव्हा त्याच्याविषयीची शंका रास्तच होती. २०२० मध्ये तेच प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले, आणि २०२४चा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. रोझनला संघाने एका हंगामानंतर सोडले. डार्नोल्ड न्यूयॉर्कमध्ये फसला, पण २०२४ मध्ये मिनेसोटाने त्याच्यासह १७ पैकी १४ सामने जिंकले. खेळाडू कोणत्या संघात, कोणत्या प्रशिक्षकाच्या हाती पडला, हे विसरून केलेला निवाडा अपुरा राहतो.

शिकागोने २०१७ मध्ये पुढे गाजलेल्या पॅट्रिक महोम्सला सोडून दुसराच क्वार्टरबॅक निवडला. त्यावर टीका करताना महोम्स दहाव्या क्रमांकावर होता एवढेच सांगू नये, कारण तो पहिले जवळजवळ पूर्ण वर्ष अनुभवी क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला. शिकागोची खरी चूक अशी की, कॉलेजात अवघे १३ सामने सुरुवातीपासून खेळलेल्या मिच ट्रुबिस्कीसाठी त्यांनी किंमत मोजून वरचा क्रमांक घेतला. उलट २०२२च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, २६२वा निवडला गेलेला, पण पुढे यशस्वी ठरलेला ब्रॉक पर्डी आयोवा स्टेट या कॉलेजकडून चार हंगाम खेळला होता. पुरावा समोर होता. महान क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी १९९वा होता हे खरे, पण त्या अपवादावरून नियम काढणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

येत्या ड्राफ्टमधल्या मुलांकडे पाहताना खेळलेले सामने, वय आणि भोवतालचे रिसीव्हर एवढे तरी तपासावे. २०१९ मध्ये जो बरोने एलएसयू या कॉलेजसाठी ६० टचडाउन पास दिले, पण ते झेलायला जस्टिन जेफर्सन आणि जमार चेस हे अव्वल रिसीव्हर होते. अशा वेळी आकडे बाजूला ठेवून थर्ड डाउनचे पाय पाहावेत, आणि बरोचे पाय त्या परीक्षेत उतरतात.

ड्राफ्टची पहिली फेरी एप्रिलअखेर, आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. तिच्याआधी वहीत नाव आणि कारण लिहून ठेवावे, नंतर नव्हे. पहिल्या हंगामात पान उघडू नये. पुढे दिग्गज ठरलेल्या पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये पदार्पणातच २८ इंटरसेप्शन दिले होते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या करारातले ऐच्छिक पाचवे वर्ष घ्यायचे की नाही हे संघ तिसऱ्या हंगामानंतर ठरवतात, आणि वही उघडायलाही तोच मुहूर्त धरावा.