‘प्रॉड. बाय’मध्ये नाव आलं, पैसे का नाही? बीटमेकरांनो, या चुका टाळा

हिप-हॉपमध्ये बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, बनवणाऱ्याला सगळे प्रोड्युसर म्हणतात. १९५७चा कॉपीराइट कायदा म्हणत नाही. त्याच्या लेखी ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करवून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी उचलणारा. म्हणजे बहुतेक वेळा लेबल, नाहीतर स्वतःच्या खिशातून खर्च करणारा रॅपर. म्हणून यूट्यूबच्या वर्णनातल्या ‘प्रॉड. बाय’ने (प्रोड्यूस्ड बाय) शाबासकी मिळते, रॉयल्टी नाही. रचनेचे पैसे हवे असतील तर डिस्ट्रिब्युटरच्या (गाणं स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमचं नाव ‘संगीतकार’ म्हणून गेलं पाहिजे.

टक्के ठरवताना रचना (शब्द आणि संगीत) आणि मास्टर (तयार ध्वनिमुद्रण) हे दोन वेगळे हक्क आहेत, हे विसरू नका. रचनेत निम्मे शब्दांना, निम्मे बीटला, ही सर्वसाधारण रीत. लूप (बीटमध्ये पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) तिसऱ्याचा असेल तर त्याचा वाटा सहसा बीटच्या पन्नास टक्क्यांतून जातो, आणि इथेच दोस्ती तुटते. मास्टरवर अमेरिकेत प्रोड्युसरला साधारण ३ ते ४ ‘पॉइंट्स’, म्हणजे तितके टक्के रॉयल्टी, मिळतात. आगाऊ घेतलेली रक्कम त्यातूनच वळती होते.

हे सगळं गाणं मिक्सला जाण्याआधी स्प्लिट शीटवर, म्हणजे वाटे लिहिलेल्या कागदावर, उतरवा. एक पान पुरतं: गाण्याचं नाव, प्रत्येकाचं खरं आणि स्टेजवरचं नाव, कोणी काय केलं, टक्के, आयपीआय नंबर (गीतकार-संगीतकारांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), तारीख, सह्या. बेरीज १०० यायला हवी. गाणं गाजल्यावर हाच कागद पुढे केला तर कोणी सही करत नाही.

‘फुकट डाउनलोड होतं, मग वापरलं’ ही चूक किती महागात पडू शकते, ते ‘ओल्ड टाउन रोड’ या गाण्यात दिसलं. यंगकियो या डच प्रोड्युसरचं बीट अमेरिकन रॅपर लिल नास एक्सने ऑनलाइन ३० डॉलरला घेतलं. त्यातला बँजो नाइन इंच नेल्स या बँडच्या २००८च्या अल्बममधला. तो अल्बम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली होता, पण बिगरव्यावसायिक वापरापुरताच. २०१९मध्ये गाणं बिलबोर्डवर १९ आठवडे पहिलं राहिलं, आणि रचनेच्या श्रेयात त्या अल्बमचे ट्रेंट रेझ्नर व अ‍ॅटिकस रॉस यांची नावं आली. बीट विकताना सॅम्पल (दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला तुकडा) कुठलं आहे ते लेखी सांगा. लपवलेलं सॅम्पल पुढे तुमच्याच वाट्यातून वसूल होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘डन भावा’ म्हणजे हक्कांचं हस्तांतरण नव्हे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार ते लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘बायआउट’च्या नावाखाली सगळं सोडल्याची सही मागितली तर घाबरू नका: २०१२च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा असा सोडून देताच येत नाही. बीट एक्सक्लुझिव्ह (एकालाच) विकण्याआधी तेच लीजवर, म्हणजे वापराच्या परवान्यावर अनेकांना, दिलेलं असेल, तर जुन्या लीज करारातल्या अटींप्रमाणे चालूच राहतात. त्या लीजची यादी नव्या गिऱ्हाइकाला आधीच द्या.

आणि लीजवरच्या बीटचं गाणं कंटेंट आयडीला (यूट्यूबची जुळणारं संगीत आपोआप ओळखणारी यंत्रणा) लावू देऊ नका. एका रॅपरने लावलं की त्याच बीटवरच्या बाकी सगळ्यांच्या व्हिडिओंवर क्लेम पडतात, शिव्या मात्र तुम्हाला. करारात तशी ओळच घाला.

नाव आधीच गळालं असेल तर आधी पुरावे गोळा करा: तारखेसह प्रोजेक्ट फाइल, स्टेम्स (बीटमधल्या वाद्यांच्या वेगवेगळ्या फाइल), चॅट एक्स्पोर्ट, यूपीआयची नोंद. मग रॅपरला किंवा लेबलला ईमेल करा, फोन नको. श्रेय बदलायचं ते त्यांच्या डिस्ट्रिब्युटरकडूनच. स्पॉटिफायला थेट लिहून सहसा काही हलत नाही. रचनेच्या नोंदीवर आयपीआरएसकडे हरकत वेगळी घ्या. यूट्यूबवर टेकडाउन (व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी) सगळ्यात शेवटी: समोरच्याने प्रतिनोटीस दिली की कोर्टात गेल्याचा पुरावा तुम्हाला १० कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. वकील ठरलेला नसेल तर ते बटण दाबू नका.