उन्हाळ्यात म्हशीचा माज कळत नाही? टॉर्च घेऊन गोठ्यात जा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की म्हैस माजावर (म्हणजे गाभण राहायच्या तयारीत) येतच नाही असं बरेच जण म्हणतात, पण बऱ्याचदा ती येते, फक्त मुका माज असतो, ओरडत नाही काही नाही, आणि तोही जास्त करून रात्री नाहीतर पहाटे. म्हणून झोपायच्या आधी आणि पहाटे धार काढायच्या आधी टॉर्च घेऊन चक्कर माराच. बसलेल्या म्हशीच्या मागे काचेसारखी स्वच्छ, चिकट सोट (योनीतून येणारा स्राव) पडलीय का, शेपटीला वाळून चिकटलीय का ते बघा. सोट पांढरट, पुवासारखी असेल तर रेतन (म्हैस भरवणं) नको, आधी इलाज.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख लिहून ठेवा, २१ दिवसांच्या आसपास परत माज येतो का ते बघायचंय.

आणि नुसत्या कुटार (सुका भुसा) न् सरकी ढेपेवर ठेवू नका हो, रोज ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर द्या, दुपारी अंगावर पाणी मारा. तरी नाहीच आली तर डॉक्टरकडून तपासून घ्या, मनाने हार्मोनचं इंजेक्शन अजिबात नको, गाभण असली तर गाभ पडू शकतो.